दादांनी पाठवलेल्या एकोणीस डिस्क, त्यातल्या बॅगेत किती?

पत्र थोडक्यात असं: नागपूरच्या एक ताई, वय ३८, नोकरी करतात. त्यांचे मोठे भाऊ अमेरिकेत असतात, तीन वर्षांपूर्वी सुट्टीत आले तेव्हा त्यांनी ताईंना डिस्क गोल्फ शिकवला, म्हणजे गोल्फसारखाच खेळ पण चेंडूच्या जागी डिस्क, कमीत कमी फेकीत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायची. आता हिंगणा रोडकडच्या एका रिकाम्या लेआउटवर सात-आठ जण दर रविवारी सकाळी खेळतात, तीन बास्केट वेल्डरकडून बनवून घेतल्या आहेत, बाकी सहा ठिकाणी कडुलिंबाला टायर टांगले आहेत. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती डिस्क पाठवत राहतात, अशा १९ झाल्या, आणि ताई सगळ्याच्या सगळ्या बॅगेत घेऊन जातात. एक तर काढून ठेवली की दादांचं मन मोडल्यासारखं वाटते, दुसरं म्हणजे ग्रुपमधले एक भाऊ म्हणतात की लांब मारायचं तर बारा स्पीडची डिस्क (स्पीड म्हणजे डिस्कवर छापलेला वेगाचा आकडा) पाहिजेच. उजवा खांदा दुखून राहिला आहे, फेक ४५-५० मीटरच्या पुढे जात नाही आणि बहुतेक वेळा डावीकडे जाऊन पडते. डिसेंबरमध्ये दादा येणार आहेत. पत्रासोबत सगळ्या डिस्कची यादी आहे. "कोणत्या नेऊ आणि कोणत्या घरी ठेवू, मला तर निवडताच येत नाही," असं त्या लिहितात.

ताई,

तुमचं पत्र वाचल्यावर पहिले मी हिशोब करून पाहिला. एक डिस्क साधारण १७० ग्रॅमची धरली तर १९ डिस्क म्हणजे सव्वातीन किलो होतात, त्यात दोन लिटर पाणी, टॉवेल, बॅगेचं स्वतःचं वजन, म्हणजे सहा किलोच्या वर ओझं तुम्ही एका खांद्याला अडकवून दोन तास लेआउटवर फिरून राहिल्या, आणि मग त्याच खांद्याने जोर लावून फेकता. खांदा दुखेल नाही तर काय होईल. म्हणून बाकी काहीही ठरायच्या आधी एवढं करा की या रविवारी बॅग डाव्या खांद्याला किंवा पाठीवर घ्या आणि पाण्याची बाटली दुसऱ्या कोणाकडे द्या, आणि दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही तर डॉक्टरला दाखवा, ते मी इथे बसून ठरवू शकत नाही.

आता डिस्ककडे येऊ. तुम्ही विचारलं की १९ मधून कोणत्या काढू. मला वाटते हा प्रश्नच उलटा केला तर सोपा होतो. काढायचं म्हटलं की प्रत्येक डिस्कसाठी मन तुटते, कारण प्रत्येकीमागे दादा आहेत, कोणाच्या तरी सुटकेसमध्ये कपड्यांच्या घडीत घालून आलेली आहे ती. त्यापेक्षा बॅग पूर्ण रिकामी करा, सगळ्या डिस्क पलंगावर मांडा, आणि मग एकेक उचलून स्वतःला विचारा की ही डिस्क माझ्या हातून अशी कोणती फेक करते जी बॅगेत आधी गेलेली कोणतीच करत नाही. उत्तर आलं तर बॅगेत, नाही आलं तर पलंगावर. "माझ्या हातून" हे शब्द महत्त्वाचे आहेत बरं का. डिस्कवर छापलेलं काय करते ते नाही, दादांच्या हातून काय करते ते नाही, व्हिडिओत एखादा चॅम्पियन काय करतो ते तर नाहीच.

मी हे आवर्जून सांगून राहिली आहे कारण मी स्वतः यात दोन वर्षं घालवली. माझ्याकडेही अकरा डिस्क होत्या आणि प्रत्येक होलला, म्हणजे प्रत्येक बास्केटच्या खेळीला, मी बॅग उघडून दोन मिनिटं उभी राहायची, हिने मारू का तिने मारू. मग एक दिवस रिकाम्या मैदानात एकाच जागी उभी राहून प्रत्येक डिस्क पाच-पाच वेळा फेकली आणि पावलांनी मोजलं. पाच स्पीडची मिडरेंज, म्हणजे मधल्या पल्ल्याची डिस्क, पन्नास पावलांवर, सरळ. बारा स्पीडची ड्रायव्हर, म्हणजे लांब मारायची डिस्क, बावन्न पावलांवर, आणि वर डावीकडे बाभळीत. दोन पावलांसाठी मी ते ओझं वाहत होती आणि दर रविवारी काट्यात हात घालत होती. तुम्ही हे घरचं गणित एकदा करूनच पाहा, वहीत लिहा, पाच फेकी, किती पावलं, किती डावीकडे. माझा अंदाज आहे की तुमच्या सात-आठ डिस्क जवळपास एकाच जागी पडतील, आणि तसं झालं तर त्या सगळ्या मिळून तुमच्यासाठी एकच डिस्क आहे.

ते बारा स्पीडवालं जे आहे ना, त्याबद्दल जरा नीट बोलू, कारण ग्रुपमधले भाऊ चांगल्या मनानेच सांगत असतील पण त्यात गैरसमज आहे आणि तो फार लोकांचा आहे. डिस्कवर चार आकडे असतात. पहिला स्पीड, दुसरा ग्लाइड म्हणजे हवेत किती तरंगून राहते, तिसरा टर्न म्हणजे जोरात असताना किती उजवीकडे वळते (मायनसमध्ये जितका जास्त तितकी जास्त वळते), चौथा फेड म्हणजे वेग संपत आला की किती डावीकडे पडते. हे उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हात छातीसमोरून आणून मारलेल्या फेकीसाठी, डावखुऱ्यांनी आणि फोरहँड (हाताच्याच बाजूने) मारणाऱ्यांनी डावं-उजवं बदलून वाचायचं. आता स्पीड १२ लिहिलं म्हणजे ती डिस्क वेगात जाईल असं नाही. ती डिस्क त्या आकड्यांप्रमाणे उडायला तुमच्या हाताने तेवढा वेग द्यावा लागतो, असा त्याचा अर्थ आहे. वेग तुम्ही द्यायचा असतो, डिस्क देत नाही. दिला नाही तर तिचा टर्न कधी येतच नाही, सरळ फेड सुरू होते, आणि डिस्क डावीकडे कलंडून खाली. तुमची फेक नेमकी अशीच पडते असं तुम्ही लिहिलंच आहे.

डेस्ट्रॉयरचंच घ्या, तुमच्या यादीत आहे म्हणून. १२, ५, मायनस १, ३. ज्याच्या हातात जोर आहे त्याच्यासाठी ती फार सुंदर डिस्क आहे, जगातले मोठमोठे खेळाडू ती वापरतात. पण तिचा काठ दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त रुंद आहे, पटरच्या (जवळून बास्केटमध्ये टाकायच्या डिस्कच्या) काठाच्या दुप्पट, आपल्या हाताचा पंजा लहान असेल तर बोटं आतपर्यंत पोचत नाहीत आणि पकड अर्धवट राहते. मग सुटताना डिस्कचं नाक, म्हणजे पुढचा काठ, वर उचलल्या जाते, डिस्क पतंगासारखी वर चढते, थांबते आणि डावीकडे घसरते. ताकद कमी पडली असं आपल्याला वाटते आणि पुढच्या वेळी आपण अजून जोर लावतो, खांद्याने. तुमचा खांदा आणि तुमचा ड्रायव्हर हे दोन वेगळे प्रश्न नसावेत असं मला राहून राहून वाटते.

आणि डाव्या हाताला जाणारी प्रत्येक फेक डिस्कमुळेच जाते असंही नाही. नाक वर असलं तर कोणतीही डिस्क तशीच जाईल, फक्त हळू डिस्क तुम्हाला ते लगेच दाखवते आणि सुधारू देते, वेगवान डिस्कमध्ये चूक कुठे झाली तेच कळत नाही. म्हणून पुढचे दोन रविवार फक्त एक पटर घेऊन खेळा. एकच. नऊच्या नऊ होल त्याच पटरने, पहिली फेकही त्यानेच. ग्रुपमध्ये कोणी काही म्हणेल, म्हणू द्या. या खेळाच्या सुरुवातीला लोक असंच खेळायचे, कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्हला १९७५ मध्ये एड हेड्रिकने पहिला कायमस्वरूपी कोर्स बसवला तेव्हा हातात फ्रिस्बीच असायची, काठ निमुळता केलेली, खास या खेळासाठीची ईगल डिस्क आली ती १९८३ मध्ये. तोवरही लोक खेळतच होते, आणि आनंदाने खेळत होते.

तुमच्या यादीतून मी माझ्या मते पाच काढून देते, बाकी तुमची वही काय म्हणते ते पाहून बदला.

एव्हिआर हे पटर दोन्ही घ्या. तुमच्याकडे एकाच वजनाच्या दोन आहेत असं लिहिलं आहे, हे तुमचं भाग्य आहे, कारण तुमच्या बॅगेतली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. तुमच्या लेआउटवर होल साधारण ७०-८० मीटरचे असतील असं धरू, तर तुमची एक फेक दूरची, दुसरी बास्केटजवळ पोचायची, तिसरी बास्केटमध्ये टाकायची. तीनपैकी दोन फेकी पटरच्या. आणि आपण वेळ, पैसा, चर्चा सगळं त्या उरलेल्या एका फेकीवर घालवतो. एक एव्हिआर फक्त बास्केटमध्ये टाकायला ठेवा, तिला झाडा-दगडावर आपटू देऊ नका, दुसरी जवळची फेक करायला. बेस म्हणजे साध्या प्लॅस्टिकच्या पटरला हातात पकड छान येते पण काठ लवकर झिजतो, चिरा पडतात, आणि झिजलेली डिस्क हळूहळू जास्त उजवीकडे वळायला लागते, म्हणून दोघींची कामं वेगळी ठेवायची.

तिसरी बझ्झ, ही मिडरेंज. ५, ४, मायनस १, १. ज्या रेषेत सोडाल त्या रेषेत जाते, तुम्ही तिरकी सोडली तर तिरकी, सरळ सोडली तर सरळ. कधी काही सुचलं नाही तर हीच काढायची.

चौथी लेपर्ड. ६, ५, मायनस २, १. तुमची दूरची डिस्क ही. काठ फार रुंद नाही, आणि आपल्यासारख्या हळू हाताच्या माणसाच्या हातून ती उजवीकडे न वळता सरळच जाते, शेवटी थोडी डावीकडे येते. तुमच्याकडे दोन लेपर्ड आहेत, एक १७२ ग्रॅमची, एक १५० ची. १५० वाली घ्या. मला माहीत आहे की हलकी डिस्क म्हणजे लहान मुलांची असं आपल्याकडे लगेच म्हणतात, पण हलकी डिस्क कमी वेगात जास्त वेळ तरंगते, आणि तुमचे पाच-सात मीटर इथेच लपलेले असू शकतात.

पाचवी झोन. ४, ३, ० आणि ३. ही तुमची वाऱ्याची डिस्क. समोरून वारा आला की प्रत्येक डिस्क आहे त्यापेक्षा जास्त उजवीकडे वळायला पाहते, लेपर्ड तर उलटूनच पडेल, झोन मात्र ऐकत नाही, खाली येते आणि डावीकडे जाते, दर वेळी तशीच. मागून वारा असला तर उलट, तेव्हा लेपर्ड मारा. एप्रिल-मेमध्ये आपण पावणेसहालाच मैदानावर असतो पण साडेसात-आठ वाजता तो गरम वारा सुरू झाला की शेवटच्या दोन-तीन होलला ही एकच डिस्क कामी येते. फायरबर्ड पण तुमच्याकडे आहे, तिचं कामही साधारण हेच, पण नऊ स्पीडची आहे, अजून वर्षभराने बघू.

झाल्या पाच. साडेआठशे ग्रॅम. साधी कापडी झोळी असली तरी चालेल.

रोडरनर ठेवू का असं तुम्ही वेगळं विचारलं आहे. ९, ५, मायनस ४, १. ही मी हो-नाही मध्ये ठेवली आहे. हळू हाताला ती खरंच लांब जाऊ शकते, पण काठ लेपर्डपेक्षा रुंद आहे. लेपर्डने दहापैकी सात फेकी सरळ जायला लागल्या की मग सहावी म्हणून घ्या, त्याआधी नको. बाकी लोकांनाही मी हेच सांगते, ज्यांच्याकडे दादा नाहीत आणि ज्यांना स्वतः विकत घ्यायच्या आहेत त्यांनी तर एक पटर आणि एक मिडरेंज यावरच थांबावं, बाहेरून मागवलेली डिस्क स्वस्त पडत नाही आणि ड्रायव्हर पहिले घेतला की सहा महिने फक्त शोधाशोध होते.

शोधाशोधीवरून आठवलं, रंगाचा विचार कोणी करत नाही पण आपल्या इथे तो केलाच पाहिजे. जुलै-ऑगस्टमध्ये लेआउट कमरेइतकं हिरवं होते, तेव्हा हिरवी डिस्क गेली म्हणजे गेलीच, गुलाबी किंवा नारंगी न्यायची. मार्च ते जूनमध्ये सगळं वाळून पिवळं पडते तेव्हा नारंगी आणि पिवळी त्यातच मिसळून जातात, निळी किंवा जांभळी दिसते. म्हणून दोन लेपर्डमधली जड पण निळी उन्हाळ्यात आणि हलकी गुलाबी पावसाळ्यात असं केलं तरी मी काही म्हणणार नाही, हरवलेल्या डिस्कपेक्षा थोडी जड डिस्क बरी. गाजरगवतात हात घालू नका, अंगावर पुरळ येते, काठीने बाजूला करा. आणि प्रत्येक डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि मोबाइल नंबर लिहा, तिथे गुरं चारायला येणारे लोकही सापडली तर फोन करतात, मला दोनदा आला आहे.

पावसाळ्यात बॅगेत सहावी वस्तू म्हणून एक जुना सुती पंचा घ्या. आपली काळी माती काठाच्या आतल्या खोबणीत अशी चिकटते की बोट लावलं तरी निघत नाही, डिस्क जड होते, एका बाजूला डुगडुगते, आणि पकड तर राहतच नाही. प्रत्येक फेकीआधी आतून बोट फिरवून पुसायची. मी पाहिलं आहे, लोक डिस्क बदलून पाहतात, पुसून पाहत नाहीत.

आता दादांचं.

तुम्ही लिहिलं आहे की एखादी डिस्क काढून ठेवली तर "त्याला नाही म्हटल्यासारखं" वाटते. यात हसण्यासारखं काही नाही. या खेळात डिस्कला लोक फार जीव लावतात, तो हेड्रिक जो मी वर सांगितला, २००२ मध्ये गेला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या होत्या. तेव्हा भावाने पाठवलेली डिस्क म्हणजे नुसतं प्लॅस्टिक नाही हे मला सांगायची गरज नाही. पण तुमची यादी मी परत परत वाचली तेव्हा एक गोष्ट दिसली. डेस्ट्रॉयर तीन, फायरबर्ड दोन, टीबर्ड दोन. या जोरदार हाताच्या डिस्क आहेत ताई. दादांनी त्या दुकानात उभं राहून निवडल्या तेव्हा त्यांना स्वतःला ज्या आवडतात त्याच उचलल्या असतील, प्रेमाने माणूस असंच करतो, आपल्याला जे गोड लागते ते दुसऱ्याच्या ताटात वाढतो. तुमची फेक आता किती जाते, कशी पडते, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं आहे का? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही. बहुतेक "मस्त आहे दादा, आवडली" एवढंच सांगितलं असेल.

तर या वेळी जरा जास्त सांगा. पाठवू नको असं म्हणायचंच नाही. ती वही झाली की तिचा फोटो काढून पाठवा आणि लिहा, "दादा, तू पाठवलेल्या सगळ्या मोजून पाहिल्या, माझ्या हाताला ही १५० ग्रॅमची लेपर्ड सगळ्यात छान जमून राहिली, आता येताना काही आणायचं असेल तर अगदी अशीच अजून एक आण, जांभळी, आणि एव्हिआर दोन, रोज संध्याकाळी गच्चीवर बादलीत टाकायची प्रॅक्टिस करते." ज्याला खेळ कळतो त्याला हा मेसेज वाचून वाईट वाटणार नाही, उलट बहीण खरंच खेळून राहिली आहे हे त्याला पहिल्यांदा नीट कळेल. आणि एकाच मॉडेलच्या, एकाच वजनाच्या तीन-चार डिस्क असणं याचा प्रॅक्टिसला जो फायदा आहे तो दहा वेगवेगळ्या डिस्कचा नाही, दर वेळी एकच फेकून आणायला धावावं लागत नाही.

त्या उरलेल्या चौदा डिस्क कोणाला देऊ का असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. ग्रुपमध्ये नवीन येणाऱ्यांना वापरायला एक-दोन द्यायच्या असतील तर आधी दादांना विचारा, ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटते, पण विचारा. बाकीच्या देऊ नका. त्यांची एक वेगळी पेटी करा. डिसेंबरमध्ये दादा येतील तेव्हा त्यांना विमानात स्वतःची बॅग आणायची गरज नाही, त्यांच्या हाताच्या डिस्क त्यांच्याआधीच इथे येऊन बसल्या आहेत. सकाळी लेआउटवर जाल, तुम्ही तुमच्या पाच घेऊन, ते पेटीतल्या, आणि त्या टोकाच्या कडुलिंबाच्या टायरकडे डेस्ट्रॉयर कशी जाते ते तुम्ही पहिल्यांदा नीट पाहाल. तुमचा ग्रुपही पाहील. मग सगळे मिळून तर्री पोहे खायला जा.

फक्त ती पेटी माळ्यावर ठेवू नका आणि गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको. डिसेंबरला वेळ आहे, मध्ये आपला उन्हाळा आहे, स्लॅबखाली आणि बंद गाडीत डिस्क मऊ पडून वाकतात आणि मग वाकलेल्याच राहतात. दिवाणात, खालच्या बाजूला, आडव्या एकावर एक ठेवा, वर जड गाद्या नकोत.